आपल्या नावाचं कार्ड



परदेशी दिलेल्या मुलींचे आईवडील आमच्या सल्ला केंद्रात येतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या हातात एक फाइल असते. तीत विवाहनोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, जावयाच्या कंपनीचा पत्ता, मुलीच्या पासपोर्टची झेरॉक्स असं सगळं असतं. मुलगी तिकडे एकटी आहे, फोनवर मोकळेपणी बोलत नाही, बोलते तेव्हा शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटतं. आम्ही इथून काय करू शकतो, हा त्यांचा प्रश्न. कायद्याची बाजू आमच्या वकील मैत्रिणी समजावून सांगतात. मी मात्र एक गोष्ट हमखास विचारते. तिच्या घराजवळ सार्वजनिक वाचनालय आहे का, आणि तिथलं कार्ड तिच्या स्वतःच्या नावाचं आहे का?

वडील चष्म्यावरून बघतात. मुलीच्या काळजीने जीव अर्धा झालाय आणि या बाई कादंबऱ्यांचं काय विचारतायत, असा भाव चेहऱ्यावर स्पष्ट असतो.

हा प्रश्न मी का विचारते ते सविस्तर लिहायला हा अंक निमित्त झाला. अंक स्थलांतरित बायकांवर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या, घरकामासाठी आखातात जाणाऱ्या बायकांचे लेख पुढच्या पानांवर आहेत. त्यांच्या शेजारी विमानाने अमेरिकेला जाणाऱ्या शिकलेल्या मुलीचा प्रश्न म्हणजे चैन आहे, असा सूर आमच्या बैठकीत निघाला. त्या मुलीच्या पोटाला भूक नाही, हे खरंच आहे. पण एखादी बाई ‘आश्रित’ आहे असं तिच्या पासपोर्टवर छापून येणं, आणि त्या एका शब्दापायी तिला कमावता न येणं, हे आपल्या कामाच्या कक्षेबाहेर कसं ठेवायचं? मनुस्मृतीवर आपण इतकी वर्षं बोलतो आहोत. इथे तोच विचार एका आधुनिक राष्ट्राच्या व्हिसाच्या नियमात शांतपणे बसलेला आहे.

मी स्वतः त्या शिक्क्यावर तीन वर्षं काढली. नवऱ्याच्या कंपनीने त्याला न्यू जर्सीला पाठवलं आणि मागोमाग मी गेले. एम.एस.डब्ल्यू. आणि सात वर्षं कुटुंब समुपदेशनाचं काम गाठीला असताना तिकडे उतरल्या दिवसापासून माझी ओळख ‘एच-४’ एवढी उरली. कुशल कामगारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसावरच्या माणसाच्या बायकोला (कधी नवऱ्यालाही, पण बहुतेक वेळा बायकोलाच) हा व्हिसा मिळतो. नोकरी करायची नाही. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नंबर नाही म्हणून कितीतरी खिडक्यांवरून परत यायचं. घटस्फोट झाला की हा व्हिसाही संपतो. मे २०१५ पासून यातल्या काही जणींना कामाचा परवाना मागता येऊ लागला, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं. म्हणजे तिथेही गाडी नवऱ्याच्या कागदामागूनच चालते.

आता घर डोळ्यांसमोर आणा. भाडेकरार नवऱ्याच्या नावे, विजेचं बिल नवऱ्याच्या नावे, फोन त्याच्या योजनेतला, गाडी त्याची, विमा त्याचा. यात त्याने मुद्दाम काही केलेलं नसतं. चांगल्या, समजूतदार नवऱ्याच्या घरातही हे असंच असतं, कारण पगार त्याचा आणि नंबर त्याचा. पण नवरा समजूतदार नसेल तर त्याच्या हाती आयतं हत्यार आलेलं असतं. मारहाण करायलाही लागत नाही. किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या की पुरतं.

अशा घरातून बाहेर पडून बाई कुठे जाईल? न्यू जर्सीतल्या उपनगरांत रस्ते गाड्यांसाठी आहेत. आपल्यासारखी कोपऱ्यावरची वाण्याची दुकानं, देवळाची पायरी, नळावरची रांग, जिन्यातल्या गप्पा, यातलं काही नाही. मॉलमध्ये गेलं तर पैसे हवेत. देवळं आहेत, मराठी मंडळंही आहेत, पण तिथे नवऱ्याचे मित्र आणि मित्रांच्या बायका. गणपतीच्या कार्यक्रमात काही बोललं तर रात्री ते घरी पोचलेलं असतं. पैसे न लागणारी, ‘तुम्ही कोण, कशाला आलात’ असं न विचारणारी, दिवसभर बसलं तरी कुणी न उठवणारी, हिवाळ्यात ऊब असलेली आणि स्वच्छ संडास असलेली छपराखालची जागा जवळजवळ प्रत्येक गावात एकच असते, आणि ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय.

आपल्याकडच्या वाचनालयाचं चित्र मनात असेल तर आधी ते बाजूला ठेवायला हवं. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, अ, ब, क, ड वर्ग आहेत, अनुदान आहे. पण बहुतेक ग्रंथालयं चालवतात संस्था, आणि सभासद व्हायला अनामत आणि वर्गणी लागते. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रांची टेबलं, तिथे सकाळपासून पुरुष. बाईने कादंबरी बदलून आणायची तर काउंटरवर यादीतला नंबर सांगायचा, नाहीतर चिठ्ठी देऊन पोराला पाठवायचं. पेपरच्या टेबलाशी तास-दोन तास नुसतीच बसलेली बाई मी आमच्या तालुक्याच्या गावी लहानपणी कधी पाहिली नाही. पुस्तक बाईच्या घरी येत असे, बाई पुस्तकाच्या घरी जात नसे.

अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं मुख्यतः स्थानिक करांवर चालतात. न्यू जर्सीत तर गावाच्या मालमत्तेच्या मूल्यावर ठरावीक दराने वाचनालयाचा पैसा बाजूला काढायचा, असा राज्याचा कायदाच आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या मुलींना तिथे फुकट काही घ्यायचा संकोच वाटतो. ‘आपण त्यांच्या देशातले नाही, कसं मागायचं?’ पण घरमालक जो कर भरतो तो भाड्यातूनच वसूल करतो. ज्या घराचं भाडं तिच्या संसारातून जातं, त्या घराचा वाटा वाचनालयात आधीच जमा झालेला आहे. ती तिथे उपकारावर बसत नाही. आणि तिचा व्हिसा कोणता हे काउंटरवर कुणी विचारत नाही. तिथे एवढंच बघतात की ती या गावात राहते का.

नेमकं इथेच घोडं अडतं, आणि म्हणून जरा थांबून सांगते.

कार्ड फुकट आहे, पण त्याला दोन गोष्टी लागतात. फोटो असलेलं ओळखपत्र, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. पत्त्याचा पुरावा म्हणजे बिल किंवा करार. वर सांगितलंच की ते कुणाच्या नावावर असतं. साताऱ्याकडची एक मुलगी मला तिथे भेटली, एम.कॉम. झालेली (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). पासपोर्ट नवऱ्याने ‘सुरक्षित राहावा’ म्हणून ऑफिसात ठेवलेला. ज्याच्या नावे बिल आहे त्याला सोबत आणा, असं तिला काउंटरवर सांगितलं गेलं. काउंटरवरच्या बाईच्या दृष्टीने ही साधी गोष्ट होती. नवरा सोबत येणार असता तर हिला वाचनालयाची इतकी गरजच पडली नसती, हे त्या बाईला कुठून कळणार?

पुष्कळ वाचनालयांत यावर एक उपाय असतो. दिलेल्या पत्त्यावर ते एक पोस्टकार्ड पाठवतात. ते घेऊन या, पत्ता सिद्ध झाला. पण तिकडच्या इमारतींमध्ये टपालाच्या पेट्या खाली एका ओळीत, कुलपात असतात, आणि हिच्या पेटीची किल्ली नवऱ्याच्या जुडग्यात. शेवटी वाट सापडली ती भाडेकराराच्या दुसऱ्या पानावर. भाडेकरू म्हणून सही नवऱ्याची असली तरी घरात राहणाऱ्या इतर व्यक्तींची नावं तिथे लिहावी लागतात आणि त्यात हिचं नाव होतं. इमारतीच्या ऑफिसातून ‘या बाई इथे राहतात’ असं एका ओळीचं पत्र तिने स्वतः जाऊन मागितलं. ओळखपत्र म्हणून साताऱ्याच्या आर.टी.ओ.चं ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं. काउंटरवर त्या दिवशी दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, फोटो पाहिला, हिच्याकडे पाहिलं, आणि कार्ड दिलं. या सगळ्याला पाच आठवडे लागले. मधल्या काळात कार्डाविना, पाहुण्यांसाठी असलेल्या तात्पुरत्या नंबरावर ती तिथल्या कॉम्प्युटरवर बसत होती.

त्या देशात नुसतं तिचं, कुणाची पत्नी म्हणून नव्हे, असं नाव असलेला तो पहिला कागद. प्लॅस्टिकचा म्हणा हवं तर.

मग तिथे जाऊन करायचं काय? पुस्तकं वाचायची, हे तर आलंच. कपाटं उघडी असतात, हवं ते काढून बघता येतं. विषयांचे क्रमांक आपल्या ग्रंथालयांतले तेच, ड्यूईचे. इंग्रजी शिकण्याची पुस्तकं ४२८ ला, स्वयंपाकाची ६४१.५ ला, आणि घरातल्या हिंसेबद्दलची ३६२.८ च्या आसपास. ६४१.५ मला अजून तोंडपाठ आहे, कारण तिकडच्या ओव्हनशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही. पण नव्याने आलेल्या बाईला पुस्तकांच्या आधी उपयोगी पडतात त्या इतर गोष्टी. पुष्कळ ठिकाणी आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा गट भरतो. चालवणाऱ्या बहुधा निवृत्त शिक्षिका, पैसे न घेता येणाऱ्या. आपल्या मुलींना इंग्रजी येतं, पण ‘येतं’ आणि ‘बोलता येतं’ यात जे अंतर आहे ते तिथे कोरियन, ब्राझिलियन, इजिप्शियन बायकांबरोबर चुकत-माकत बोलताना कमी होतं. सगळ्याच चुकतात, त्यामुळे कुणी हसत नाही. सकाळी लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, त्याला मुलांबरोबर आया येतात. गोष्ट अर्ध्या तासात संपते, आयांच्या गप्पा पुढे तासभर चालतात. ड्रायव्हिंगच्या परीक्षेची पुस्तिका तिथे मिळते. नोकरीचे अर्ज लिहायला मदत मिळते. नागरिकत्वाच्या परीक्षेचे वर्ग कितीतरी ठिकाणी चालतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या वाचनालयाने १९७७ मध्ये नव्याने आलेल्यांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला, आणि तिथे आजही अनेक भाषांतली पुस्तकं आणि कार्यक्रम असतात.

मराठी पुस्तकं? आमच्या गावच्या कपाटात हिंदी होती, गुजराती होती, आणि मराठी अकरा. त्या अकरांपैकी चार ज्योतिषाची. कोणती पुस्तकं विकत घ्यावीत याची सूचना कुठलाही वाचक लेखी देऊ शकतो आणि त्या सूचना वाचल्या जातात, हे कळल्यावर आम्ही सहाजणींनी मिळून एक यादी दिली. वर्षभरात चाळीसेक पुस्तकं आली. गुजराती बायकांनी हे आमच्या कितीतरी आधी केलेलं होतं.

आणि बायकांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला, एक कागद चिकटवलेला असतो. खाली कातरून पट्ट्या केलेल्या आणि प्रत्येक पट्टीवर मदतीचा फोन नंबर. पट्टी इतकी लहान की बांगडीखाली सरकवता येते. तो सगळ्याच वाचनालयांत असेल असं नाही, पण मी ज्या चार-पाच पाहिल्या त्यांतल्या तीनमध्ये होता. साताऱ्याच्या मुलीने त्यातली एक पट्टी महिनाभर पर्समध्ये ठेवली होती. मग एकदा वाचनालयातल्या अभ्यासाच्या लहान खोलीत दार लावून तिने तिथल्या दक्षिण आशियाई बायकांच्या संघटनेला फोन केला. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आहे, न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून, कॅलिफोर्नियात ‘मैत्री’ १९९१ पासून. आपल्यासारख्याच बायकांनी उभ्या केलेल्या या संस्था. पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही, कारण तो माणूस मराठी वाचतो. एवढंच सांगते की एच-४ वर असलेल्या आणि नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या बाईला स्वतःपुरता कामाचा परवाना मागता येतो, ही गोष्ट तिला त्या फोनवर पहिल्यांदा कळली. बायकांवरील हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली, आणि तिचा अर्ज प्रत्यक्षात करता येऊ लागला २०१७ मध्ये. बारा वर्षं तरतूद होती आणि अर्ज करायची सोय नव्हती. आपल्या सरकारी कचेऱ्यांना आपण उगीच एकट्याच समजतो.

वाचनालयाची आणखी एक गोष्ट मला कार्यकर्ती म्हणून फार महत्त्वाची वाटते, ती गुप्ततेची. कोणी कोणतं पुस्तक नेलं ही माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, असे कायदे अमेरिकेच्या ५० पैकी ४८ राज्यांत आहेत. उरलेल्या दोन राज्यांत महाधिवक्त्यांनी तसं मत दिलेलं आहे. नवरा काउंटरवर येऊन ‘माझी बायको काय वाचते?’ असं विचारू लागला तर उत्तर मिळायला नको. ग्रंथपाल हे किती मनावर घेतात त्याचं उदाहरण कनेटिकटमधलं. २००१ नंतरच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली तपास यंत्रणेने २००५ मध्ये तिथल्या वाचनालयांच्या एका संस्थेकडे वाचकांची माहिती मागितली आणि याची वाच्यता करायची नाही अशी तंबी दिली. चौघा ग्रंथपालांनी नकार दिला, ते कोर्टात गेले, आणि २००६ मध्ये सरकारला मागणी सोडून द्यावी लागली.

पण कायदा असला तरी घरातली पाळत कायद्याला विचारून होत नाही. म्हणून बारीकसारीक गोष्टी सांगायला हव्यात. कार्ड काढताना नवऱ्याचा ईमेल किंवा फोन देऊ नका. राखून ठेवलेलं पुस्तक आलं की त्या पत्त्यावर पुस्तकाच्या नावासकट निरोप जातो. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर नवा ईमेल उघडून तोच द्या. कुटुंबाची कार्डं एकमेकांना जोडायची सोय काही ठिकाणी असते, ती नाकारा. वाचलेल्या पुस्तकांची यादी साठवायची सोय बंद ठेवा. काम झाल्यावर कॉम्प्युटरवरून नीट बाहेर पडा. घरी नेता येणार नाही असं पुस्तक तिथेच बसून वाचा आणि टेबलावर ठेवून या. जागेवर लावायचं काम त्यांचं आहे.

अमेरिकन वाचनालयाचं एवढं कौतुक ऐकून कुणाला वाटेल की हिला तिकडचं सगळं गोड लागायला लागलं. तसं नाही. ज्या कार्नेगीच्या पैशातून त्या देशात १,६७९ वाचनालयांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ चा संप बंदुकांनी मोडला गेला. बारा-बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्या मजुराने ती पुस्तकं वाचायची कधी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या वाचनालयात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची मुलं रांगा लावत. गच्चीवर वाचायची सोय होती. हे सुंदर आहेच. पण त्यामागे परकीयांना लवकरात लवकर ‘अमेरिकन’ करून टाकायची घाईही होती. १९१७-१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात, याच वाचनालयांतून जर्मन पुस्तकं काढून टाकली गेली. ‘सर्वांसाठी खुलं’ या पाटीतले सर्व म्हणजे कोण, हे प्रत्येक काळात भांडून ठरवावं लागलं आहे.

त्या भांडणातली एक तारीख आपण लक्षात ठेवावी अशी आहे. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात टुगालू कॉलेजची नऊ कृष्णवर्णीय मुलंमुली फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या वाचनालयात जाऊन वाचत बसली. पोलिसांनी बाहेर जायला सांगितलं, ती उठली नाहीत, आणि त्यांना अटक झाली. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात हेच १९३९ मध्ये पाच तरुणांनी केलं होतं. चवदार तळ्याच्या पाण्याची आठवण आपल्याला करून द्यावी लागू नये. ज्या खुर्चीवर आज आपली मुलगी व्हिसाची विचारणा न होता बसते, ती खुर्ची या लोकांनी मोकळी करून दिली आहे. आपल्या घरांत मात्र तिकडच्या काळ्या माणसांबद्दल काय बोललं जातं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

त्याच जातीची आणखी एक गोष्ट. ‘तिथे बेघर लोक येऊन बसतात, वास येतो, आम्ही नाही जात’ हे वाक्य मी आपल्याच बायकांकडून कितीदा ऐकलं. हो, बसतात. कारण त्यांनाही दिवसा जायला दुसरी जागा नाही. न्यू जर्सीतल्याच मॉरिसटाऊनच्या वाचनालयातून एका बेघर माणसाला बाहेर काढलं गेलं तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने वाचनालयाचे वागणुकीचे नियम योग्य ठरवले, पण माहिती मिळवण्यासाठी तिथे येण्याचा हक्क संविधानाचा आहे, हेही त्याच निकालात मान्य केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयाने तर २००९ मध्ये या लोकांसाठी पूर्णवेळ समाजकार्यकर्ती नेमली. माझ्या शिक्षणाची बाई वाचनालयाच्या पगारावर असू शकते, हे वाचून मी त्या दिवशी एकटीच हसत बसले होते. सांगायचं असं की ज्या नियमाने त्या बेघर माणसाला तिथे बसता येतं त्याच नियमाने आपल्या मुलीलाही बसता येतं. त्याला उठवायची मागणी करणारीने आधी स्वतःच्या खुर्चीकडे बघावं.

सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांच्या व्हिसावर जाणाऱ्या आया हा तर वेगळाच वर्ग. यांना कुणी स्थलांतरित म्हणत नाही. इकडे भिशी, भजनी मंडळ, भाजीवाली, सगळं सोडून त्या एका बंद घरात तान्ह्या बाळाबरोबर असतात. सगळ्यांना वाटतं, आजीची मजा आहे. कोल्हापूरच्या एक काकू रोज दुपारी बाबागाडी ढकलत वाचनालयात येत. इंग्रजी वाचता येत नव्हतं. चित्रांची मोठी पुस्तकं घेऊन बसत, बागकामाची, विणकामाची. तिथल्या विणकामाच्या गटात त्यांना कुणीतरी बोलावलं. टाक्यांना भाषा लागत नाही. तीन आठवड्यांत काकू त्या गटाला क्रोशाची नक्षी शिकवत होत्या. सून म्हणाली, आई इथे आल्यापासून पहिल्यांदाच जेवताना बोलल्या.

आता आपल्या इथल्या कामाकडे येते. परदेशी निघालेल्या मुलीची तयारी म्हणजे लोणची, मसाले, प्रेशर कुकर आणि मंगळसूत्राची छोटी आवृत्ती. फसवणूक झाल्यावर काय करायचं त्याची माहिती आता बरीच उपलब्ध आहे. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या वैवाहिक तक्रारींचं काम २००९ पासून चालतं. पण ते झाल्यानंतरचं आहे. जाण्याआधी मुलीच्या हातात काय द्यायचं यावर आपल्या गटांत फारसं बोललं जात नाही. लग्नपूर्व समुपदेशनाच्या आमच्या पत्रकात मी गेल्या वर्षी चार ओळी घातल्या. पासपोर्ट स्वतःकडे, आणि त्याची प्रत माहेरी. जुनं ड्रायव्हिंग लायसन्स आणि पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं बरोबर. भाडेकरारात राहणाऱ्यांमध्ये आपलं नाव आहे का ते सही होतानाच बघायचं. आणि उतरल्यावर पहिल्या महिन्यात, संसार सुरळीत असतानाच, वाचनालयाचं कार्ड. संसार बिघडल्यावर ते काढणं किती अवघड जातं ते वर सांगितलंच.

एका होणाऱ्या नवऱ्याने या पत्रकाला हरकत घेतली. लग्नाआधीच अविश्वास कशाला, म्हणाला. मी त्याला विचारलं, कार्डाने तुमचं काय जाईल? तो विचारात पडला. मुलगी मात्र कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होती.

हे वाचनालय कायम असंच राहील, असंही धरून चालता येणार नाही. एकीकडे चांगलं घडतं आहे. उशिरा परत केलेल्या पुस्तकांचा दंड शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२१ मध्ये रद्द केला. खिशात स्वतःचा डॉलर नसलेल्या बाईला दंडाची भीती किती मोठी असते ते तिलाच ठाऊक. दुसरीकडे वाचनालयांना केंद्रीय पैसा पोचवणारी संस्था शक्य तितकी आवळून टाकण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी मार्च २०२५ मध्ये काढला, आणि त्याविरुद्ध राज्यांना कोर्टात जावं लागलं. इमारती स्थानिक पैशावर उभ्या राहतील, पण अशा ओढाताणीत संध्याकाळचे तास, संभाषणाचे गट, परक्या भाषांची कपाटं यांना कात्री आधी लागते. तिथे राहणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी गावच्या अंदाजपत्रकाच्या सभेला जाऊन बसायला हवं. मत नसलं तरी बहुतेक गावांत बोलता येतं.

ज्या वाचक-मैत्रिणी अमेरिकेत, इंग्लंडात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत किंवा राहून आल्या आहेत त्यांच्याकडून मला एकच माहिती हवी आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात पत्त्याचा पुरावा म्हणून काय चाललं, आणि काय चाललं नाही? गावाचं नाव लिहा, स्वतःचं नाही लिहिलं तरी चालेल. दिवाळीपर्यंत आलेली उत्तरं एकत्र करून एक पानाचं मराठी पत्रक काढायचं आहे. ते पासपोर्टाच्या पाकिटात मावेल एवढंच असेल.